वस्तूचें कुळ

आमच्या घरांत वर्षांतून दोनदां माळा साफ होतो; एकदां दसऱ्यापूर्वीं आणि एकदां पाडव्यापूर्वीं. या दोन्ही प्रसंगीं घरांत दोन पक्ष पडतात. पहिल्या पक्षाच्या पुढारी आमच्या वहिनी. 'जी वस्तु वर्षभर कोणी हातांत धरली नाहीं, ती घराबाहेर गेली पाहिजे' हें त्यांच्या पक्षाचें ब्रीद. दुसऱ्या पक्षांत आमच्या मातोश्री आणि मी. आईचें वय आज अठ्ठ्याऐंशी आहे. तिच्या मतें जगांत टाकाऊ अशी वस्तूच नाहीं. आहे ती केवळ अद्याप उपयोगास न आलेली वस्तु. तिच्या फडताळांत दोऱ्याचीं रिकामीं रिळें, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत निरनिराळ्या काळचीं बटणें आणि केव्हांच मोडलेल्या पाळण्याच्या कड्या आजहि नीट गुंडाळून ठेवलेल्या आहेत. मी तिच्या पक्षांत आहें, तो केवळ मातृभक्तीमुळें नव्हे. माझा धंदाच असा आहे कीं, जगानें टाकून दिलेल्या वस्तूंवांचून माझें पान हालत नाहीं.

सेनगांव हें हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. १९९९ सालीं परभणीपासून हिंगोली वेगळी झाली, तेव्हां आमचा तालुका इकडे आला. हळद, सोयाबीन, कापूस आणि तूर हें आमचें ऐश्वर्य. उन्हाळा ही आमची तपश्चर्या. अशा गांवीं विद्युत्‌-उपकरणें तयार होत असतील, असें कोणाच्या मनांतहि येणार नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर 'कारखाना' हा शब्द आमच्या उद्योगास थोडा सैलच होतो. वाड्याच्या ढेळजेंत चार टेबलें, डाख देण्याच्या पांच कांड्या, तपासणीचीं दोन यंत्रें आणि माझ्यासह सहा माणसें, एवढाच तो संसार. अकरा वर्षें पुण्यास नोकरी करून १९९६ सालीं, वडील वारल्यावर, मी गांवीं परत आलों आणि हें दुकान थाटलें. तेव्हांपासून जुन्या वजनकांट्यांना लागणारीं कार्डें आम्ही बनवून देतों.

वाचकांपैकीं ज्यांचा मोंढ्याशीं संबंध नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहिले पाहिजेत. हळदीची ट्रॉली ज्या लोखंडी फळीवर उभी राहते, त्या फळीखालीं लोडसेल नांवाचे पोलादी ठोकळे असतात. भार पडला कीं पोलाद डोळ्यांस न दिसेल इतकें दबतें. त्यावर चिकटविलेल्या बारीक तारेच्या जाळीचा विद्युत्‌-रोध तितकाच बदलतो, आणि एका व्होल्टच्या कांहीं सहस्रांशांएवढा फरक तारेंतून कार्डाकडे येतो. त्या नखाएवढ्या फरकाचा हिशेब करून 'एकेचाळीस क्विंटल, साठ किलो' असा लाल आंकडा दाखविणें हें कार्डावरील चिपचें काम. शेतकऱ्यानें वर्षभर जें कष्ट केले, त्याचें मोल त्या आंकड्यावर ठरतें. पूर्वीं तराजूपाशीं मापाडी बसे, त्याच्या हाताकडे दहा डोळे लागलेले असत. आतां चिपच्या हाताकडे कोणी पाहूं शकत नाहीं. म्हणून जो ती चिप कार्डांत बसवितो, त्यानेंच पाहिलें पाहिजे.

ज्या कांट्यांचीं कार्डें आम्ही करतों, ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचे. त्यांतील चिप झेड-८० या नांवाची. झायलॉग नांवाच्या अमेरिकन कंपनीनें ती १९७६ सालीं बाजारांत आणली. फेडेरिको फॅगिन हा इटालियन आणि मासातोशी शिमा हा जपानी, या दोघांच्या हातची ती रचना. चाळीस पायांची, काळ्या झुरळासारखी दिसणारी ही चीज जगभर घरगुती संगणकांपासून कारखान्यांतील यंत्रांपर्यंत सर्वत्र शिरली. 'ती जुनी झाली, तर नवी घ्या. नवी अधिक हुशार आणि स्वस्तहि आहे' असें मला पुष्कळजण सांगतात. त्यांना मी आमच्या घरांतील मोडी दप्तराचें उदाहरण देतों. दप्तरांतील मजकूर मराठीच आहे. पण आज मराठीचा पदवीधर आणून बसविला, तरी त्याला त्यांतील एक ओळ लागत नाहीं. त्याचप्रमाणें झेड-८० साठीं लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या चिपला वाचतां येत नाहीं. ती नव्यानें लिहावी लागते, नव्यानें पारखावी लागते. शिवाय वजनाचें उपकरण म्हणजे कायद्याची वस्तु. त्याच्या नमुन्यास सरकारची मान्यता लागते. मान्य नमुन्याच्या अंतरंगांत फेरफार केला, म्हणजे पुन्हां त्या दारीं उभें राहणें आलें. म्हणून पन्नास रुपयांची नवी चिप हाताशीं असतांना पांचशे रुपयांची जुनी चिप शोधीत हिंडणारा मनुष्य वेडा असतोच, असें नाहीं.

अशी वेळ केवळ सेनगांवच्या ढेळजेवर येते, असेंहि कोणी समजूं नये. २००२ सालीं अमेरिकेच्या 'नासा' संस्थेची हीच गत झाल्याचें न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रानें छापलें होतें. अंतराळयानाच्या अग्निबाणांची तपासणी करणाऱ्या यंत्रांना इंटेलची ८०८६ ही जुनी चिप लागे. ती मिळेना, म्हणून त्या मंडळींनीं जुनीं वैद्यकीय उपकरणें विकत घेऊन त्यांतून चिपा काढल्या. तें वाचून मला फार बरें वाटलें होतें. ज्या वाटेनें चंद्रावर जाणारे चालतात, त्याच वाटेनें आपण भंगारवाल्याकडे जात आहों, हें समाधान लहान नव्हे!

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत ती बातमी आली. सिलिकनच्या चकत्या पाडून देणारा कारखाना तें काम बंद करीत असल्यामुळें झेड-८० यापुढें होणार नाहीं. शेवटची मागणी १४ जूनपर्यंत नोंदवावी. अठ्ठेचाळीस वर्षांचें आयुष्य त्या पत्राच्या चार ओळींत संपलें. मीं हिशेब मांडला. पुढील सहा वर्षें, म्हणजे नवा नमुना तयार होऊन त्यास मान्यता मिळेपर्यंत, तीनशे चिपा पुरल्या असत्या. पैसेहि बँकेंत होते.

पण त्याच वर्षीं माझ्या पुतणीचें लग्न ठरलें. वैशाख-ज्येष्ठांत गुरु-शुक्रांचे अस्त आल्यामुळें मुहूर्त आषाढांत, एकादशीपूर्वीं निघाला. दादा शाळेंतून निवृत्त झालेले. त्यांनीं माझ्यापाशीं कांहीं मागितलें नाहीं; आमच्या घरांत तशी पद्धत नाहीं. ते केवळ संध्याकाळीं झोपाळ्यावर बसून कागदावर आंकडे मांडीत आणि खोडीत. मीं चेकबुक त्यांच्यापुढें ठेवलें. तीनशेंच्या जागीं साठ चिपा घेतल्या. लग्न थाटांत झालें. आणि त्या निर्णयाचा मला आजहि पश्चात्ताप नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत एका खिशांतून गेलेला रुपाया कोणत्या दारानें परत आठवण करून देईल, तें सांगतां येत नाहीं.

२०२५ च्या पावसाळ्यांत साठाहि चिपा संपल्या, आणि नेमकी त्याच वेळीं पन्नास कार्डांची मागणी आली. विदर्भ-मराठवाड्यांत जुने कांटे असलेली ती संस्था. कापूस येण्यापूर्वीं कार्डें हवीं होतीं. निम्मे पैसे आगाऊ आले, आणि ते दोन महिन्यांच्या थकलेल्या पगारांत गेलेहि. हातांत मागणी होती. चिप मात्र एकहि नव्हती.

मग माझी तीर्थयात्रा सुरू झाली. हिंगोलीस गाडींत बसून नांदेडमार्गें हैदराबाद गांठलें. आम्हां मराठवाड्यांतील लोकांस अजूनहि मुंबईपेक्षां हैदराबाद जवळचें वाटतें. कोठीच्या गुजराती गल्लींत दोन दिवस फिरलों. ती गल्ली अशी आहे कीं, तेथें मनुष्य शिरला कीं त्याच्या दोन्ही खांद्यांना एकाच वेळीं दोन दुकानें लागतात. ओळखीच्या एका वृद्ध दुकानदारानें फळीवरच्या खोक्यांत हात घालून सात चिपा काढल्या. मग चष्मा पुसून त्या पुन्हां पाहिल्या आणि त्यांतील तीन बाजूस ठेविल्या. "या कोठून आल्या, मला आठवत नाहीं; नेऊं नका," असें तो म्हणाला. तेव्हां त्याच्या त्या वागण्याचें मोल माझ्या ध्यानांत आलें नाहीं. उलट, तीन चिपा हातच्या गेल्या म्हणून मी मनांत चरफडलोंच. नंतर मुंबईस लॅमिंग्टन रोड झाला. त्या रस्त्याचें आजचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण विजेच्या धंद्यांतील माणसें त्याला जुन्याच नांवानें ओळखतात, कारण जुन्या वस्तु शोधणाऱ्याला जुनेंच नांव सांपडतें. तेथेंहि मिळाल्या त्या पांच. पुण्यास बुधवार पेठेंत एकहि नाहीं. चार आणि पांच मिळून नऊ चिपा घेऊन मी परत आलों.

घरीं आलों तों पुतण्या दारांतच उभा. हा दादांचा धाकटा. नांदेडास अभियांत्रिकी शिकून दोन वर्षें तो माझ्या हाताखालीं काम करतो. मुलगा हुशार, बोलणें कमी, पण मनांत ईर्ष्या मोठी. त्यानें माझ्या माघारीं दूरच्या एका दलालाकडून इंटरनेटवरून शंभर चिपा मागविल्या होत्या, नगास पांचशेंवीस रुपये या भावानें. मोटारसायकलीसाठीं सांठविलेले बावन्न हजार रुपये त्यानें त्यांत घातले होते. पुडकें देवापुढें ठेवलें होतें, आणि वहिनींनीं त्यावर कुंकवाचें बोट लावलें होतें. "काका, आतां हैदराबादच्या वाऱ्या बंद," असें तो म्हणाला. दादा झोपाळ्यावर होते. मुलाकडे पाहतांना त्यांचा चेहरा असा झाला होता कीं, तो मीं त्यांच्या मुलीच्या लग्नांतहि पाहिला नव्हता.

पुडकें उघडलें. चिपा नव्या कोऱ्या, पाय चकचकीत, अक्षरें ठसठशीत. इतक्या सुंदर कीं मनांत पाल चुकचुकली. दहा-बारा वर्षांपूर्वींची तारीख अंगावर असलेल्या चिपचे पाय थोडे तरी काळवंडलेले असावयास हवेत.

येथें या व्यवहारांतील एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडे सोयरीक जुळवितांना कुळ, गोत्र, मूळ गांव विचारण्याची चाल आहे. चिपलाहि कुळ असतें. तिच्या अंगावर कंपनीची खूण, नांव, आणि बहुधा चार आंकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. '१३२४' म्हणजे २०१३ सालच्या चोविसाव्या आठवड्यांत जन्मलेली. पोटाखालीं कित्येकदां देशाचें नांव सांच्यांतच उठविलेलें असतें. ज्या वस्तूचें उत्पादन थांबलें, तिची किंमत चढते. किंमत चढली कीं सोंगें घेणारे निघतात. टाकून दिलेल्या संगणकांच्या पाट्या विस्तवावर तापवून त्यांतील चिपा झटकून काढतात. त्यांवरचीं मूळ अक्षरें घांसून टाकतात. वर काळा लेप देऊन नवीं अक्षरें छापतात, आणि पायांना पुन्हां कल्हई करतात. हा धंदा किती मोठा आहे, तें अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीनें २०१२ सालीं सांगितलें. तेथील लष्करी सामानांत संशयित नकली सुट्या भागांचीं सुमारें १,८०० प्रकरणें तिला आढळलीं. नगांची संख्या दहा लाखांहून अधिक होती. जेथें विमानें सुटलीं नाहींत, तेथें मोंढ्यांतील कांटा कसा सुटावा?

मीं पुतणीच्या माहेरीं राहिलेल्या सामानांतून नखांचा रंग पुसण्याच्या द्रवाची बाटली आणविली. त्यांत अॅसिटोन असतें. कापसाचा बोळा भिजवून एका चिपच्या पाठीवर चार वेळां फिरविला. बोळा काळा झाला. अक्षरें गेलीं, आणि लेपाखालून एकाच दिशेनें गेलेले बारीक ओरखडे दिसूं लागले, काचकागद फिरविल्याचे. मग आम्ही सर्व चिपा उलट्या केल्या. शंभर चिपांवर एकाच आठवड्याची तारीख. पण पोटाखालीं कांहींवर मलेशिया, कांहींवर फिलिपाइन्स, तर कांहीं अगदींच कोऱ्या. एकाच आठवड्यांत, एकाच घाण्यांत जन्मलेल्या भावंडांचीं जन्मगांवें तीन!

पुतण्या गप्प बसला. बऱ्याच वेळानें म्हणाला, "पण काका, मीं सगळ्या कार्डांत घालून पाहिल्या. शंभरांपैकीं एकोणऐंशी चालतात."

हें वाक्य मी विसरलों नाहीं. कारण तें त्यानें म्हणण्यापूर्वीं माझ्याच मनांत येऊन गेलें होतें. एकोणऐंशी चालतात, आम्हांला एकेचाळीस हव्यात. कार्डें वेळेवर जातील. उरलेले पैसे येतील. मुलाचा मान राहील. आणि दादांच्या चेहऱ्यावरचें तें तेज जाणार नाहीं. चिप जुनी असली म्हणून काय झालें? चालते ना? मी त्या रात्रीं पुष्कळ वेळ जागा होतों. प्रामाणिकपणा हा गुण दुसऱ्याच्या नुकसानीच्या वेळीं किती सोपा वाटतो!

सकाळीं मीं ठरविलें कीं, निदान एक परीक्षा तरी घ्यावी. वजनकांट्याची खोली पत्र्याची असते, आणि आमच्याकडचा मे महिना सर्वांस ठाऊक आहे. एका लांकडी पेटींत विजेचे दोन दिवे लावून आंत पंचावन्न अंशांपर्यंत उष्णता आणली, आणि त्या चिपा बसविलेलीं दहा कार्डें तींत ठेविलीं. प्रत्येकाला बाहेर एक लहान कांटा जोडला, त्यावर वीस किलोचें वजन. पहिला तास सर्व ठीक गेला. दुसऱ्या तासाच्या शेवटीं मी एकेका कांट्यावरून वजन उतरवीत चाललों. पहिला आंकडा शून्यावर आला, दुसराहि आला. तिसऱ्यावरून वजन उतरविलें. आंकडा वीसच राहिला. कांटा रिकामा, आणि आंकडा वीस.

तेथें आम्ही पांच-सहा माणसें होतों; कोणी बोललें नाहीं. दहांपैकीं चार कार्डांची अशीच गत झाली. चिप उष्णतेनें थिजली होती, आणि शेवटचा आंकडा तसाच दिव्यांत गोठला होता. याचा मोंढ्यांतला अर्थ सांगावयास नको. एका शेतकऱ्याची ट्रॉली उतरली, दुसऱ्याची चढली, आणि दुसऱ्याच्या पावतीवर पहिल्याचें वजन आलें. एखाद्या चाणाक्ष माणसाच्या तें ध्यानांत येईल. पण रात्रभर बैलगाडींत जागून आलेल्या माणसाच्या येईलच असें नाहीं.

दादा केव्हां मागें येऊन उभे राहिले होते, तें मला कळलें नाहीं. त्यांनीं तो लाल आंकडा पाहिला आणि ते आंत गेले. थोड्या वेळानें माळ्यावर शिडी लावल्याचा आवाज आला. एकोणसत्तर वर्षांचा मनुष्य पावसाळी अंधारांत माळ्यावर चढतो म्हणून वहिनी ओरडूं लागल्या. दादा उतरले ते नानांची पेटी घेऊनच.

नाना म्हणजे आमचे धाकटे चुलते. निजामाच्या राज्यांत उर्दूंत शिकलेले, हिशेब मोडींत ठेवणारे, आणि रेडिओ दुरुस्त करणारे आमच्या भागांतील पहिलेच गृहस्थ. गांवांत वीज येण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. १९४८ सालीं हैदराबाद संस्थानची नाकेबंदी झाली, रझाकारांचा धुमाकूळ चालला, आणि बाहेरून कांहीं येईनासें झालें. त्याच सुमारास त्या रेडिओचा एक व्हॉल्व्ह गेला. नांव १आर५, बोटाएवढी कांचेची नळी. फिरत्या विक्रेत्याकडून नानांनीं चढ्या भावानें नवा म्हणून एक घेतला. १७ सप्टेंबरच्या संध्याकाळीं निजाम रेडिओवर बोलणार अशी कुणकुण लागली. दारें लावून आळींतील पंधरा-वीस माणसें आमच्या माजघरांत बसलीं. रेडिओ दहा मिनिटें खरखरला आणि थांबला. व्हॉल्व्ह जुना होता, पुसून-झटकून नवा केलेला. संस्थान शरण आलें, लोक मुक्त झाले. आणि ज्या घरांत रेडिओ होता, त्या घरांतील माणसें भयानें दारें लावून दुसऱ्या दिवसापर्यंत तशींच बसलीं. ही कथा आम्हां मुलांस नाना हंसत सांगत. परंतु आजोबा त्या रात्रीं काय बोलले, तें त्यांनीं कधींच सांगितलें नाहीं.

पेटींत व्हॉल्व्ह होते, बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे 'एसी-१२८' हे जुने ट्रान्झिस्टर होते, तारांचीं भेंडोळीं होतीं. आणि एक लांबट वही होती. वाड्याचीं कागदपत्रें सांभाळीत दादा मोडी शिकलेले. त्यांनीं वही पुतण्यापुढें धरली आणि एकेक ओळ वाचून दाखविली. वस्तूचें नांव, आणल्याची तारीख, कोणाकडून, आणि त्यानें ती कोठून आणली. अशीं चाळीस पानें. मध्येंच कोठें कोठें एक शेरा होता: मूळ ठाऊक नाहीं, विकूं नये.

"पहिलीच नोंद पाहा," दादा मुलाला म्हणाले. "१९४८ चा ऑक्टोबर. म्हणजे त्यांनीं ही वही फसल्यानंतर सुरू केली. फसला त्याला नाना कधीं हंसले नाहींत, आणि मीहि हंसणार नाहीं. मात्र दुसऱ्याला फसवूं नकोस."

एवढेंच. माझ्या वाट्याचा निर्णयहि त्यांत होऊन गेला.

त्याच दिवशीं मीं त्या संस्थेस पत्र लिहिलें. खऱ्या चिपा नऊच आहेत. आणखी मिळाल्या तर जुन्या यंत्रांतून काढलेल्या असतील, आणि तसें प्रत्येक कार्डावर लिहिलेलें असेल. बाकीच्या कार्डांसाठीं नवा नमुना होईपर्यंत थांबावें लागेल. न थांबल्यास आगाऊ रक्कम हप्त्यांनीं परत करूं. चार दिवसांनीं तेथील अधिकाऱ्यांचा फोन आला. निम्मी मागणी त्यांनीं काढून घेतली, पंचवीस ठेवली. मीं मुकाट्यानें 'बरें' म्हटलें. दलालाकडे गेलेले पैसे परत आले नाहींत.

त्यानंतर पुतण्या आणि मी जालन्यास गेलों. तेथें पोलादाच्या भट्ट्यांमुळें दूरदूरचें भंगार येतें. तीन खेपांत मोडलेल्या कांट्यांचीं एकतीस कार्डें मिळालीं. सुदैवानें त्यांतील चिपा खोबणींत बसविलेल्या होत्या. डाख न तापवितां अलगद निघाल्या. त्या काळ्या पडलेल्या होत्या, पण त्या ज्या यंत्रांत जन्मभर राबल्या, तें यंत्र आमच्या डोळ्यांपुढें होतें. उष्णतेच्या पेटींत दोन दिवस ठेवून त्यांतील एकोणीस उत्तीर्ण झाल्या. आधींच्या नऊ मिळून अठ्ठावीस. पंचवीस कार्डें कापूस येण्यापूर्वीं गेलीं. पगाराचा खड्डा मात्र राहिला. एके दिवशीं वहिनी ढेळजेंत आल्या आणि पदराखालून एक पाकीट काढून टेबलावर ठेवीत म्हणाल्या, "भाऊजी, भिशी लागली आहे. मुलीच्या लग्नाचें मला विसरतां येत नाहीं." मीं नको म्हणण्याचा विचार केला, पण आमच्या घरांत तशी पद्धत नाहीं.

त्या शंभर चिपांचें काय करावें, हा प्रश्न होता. फेकून दिल्या तर त्या कोणीतरी उचलून पुन्हां विकल्या असत्या. पुतण्यानें एका रविवारीं त्या सर्व पुढ्यांत घेतल्या आणि चिमट्यानें एकेकीचे चाळीसहि पाय तोडले. चार हजार पाय. मीं मदतीस हात पुढें केला, तर "राहूं द्या काका," म्हणाला. आतां तो नव्या चिपसाठीं आज्ञावली लिहीत आहे. चिप निवडतांना तिचा बनविणारा किती वर्षें ती पुरविण्याचें वचन देतो, आणि तसलीच दुसरीकडे मिळते कीं नाहीं, हें त्यानें माझ्या आधीं विचारलें. मान्यतेस अवधि लागेल. तोंवर तीन चिपा आणि नानांचा धीर यांवर भागवावयाचें आहे.

या पाडव्यापूर्वीं माळा पुन्हां निघाला. वहिनी खुर्चीवर उभ्या राहून डबे खालीं देत होत्या, आणि पुतण्या नवी वही मांडीवर घेऊन बसला होता. त्यानें ती मोडींत नव्हे, साध्या बाळबोधींत लिहावयास घेतली आहे. एक गंजलेला डबा हातांत घेऊन वहिनींनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "हें टाकूं का?"

आई खालून म्हणाली, "आधीं तें कोठून आलें तें विचार."

वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें. मला ठाऊक नव्हतें. आईलाहि आठवेना. तेव्हां आमच्या घराच्या इतिहासांत प्रथमच दोन्ही पक्षांचें एकमत झालें, आणि तो डबा भंगारांत गेला.